वेधशाळा आणि खोका कट

त्याच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता, आणि धंदा मात्र केसांचा. नवं गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, की आरशात त्याचे डोळे आपोआप वर या तुळतुळीत डोक्याकडे जायचे. मग हा गळ्याभोवती कापड बांधता बांधता म्हणायचा, "घाबरू नका, हे माझ्या हातून झालेलं नाही." गिऱ्हाईक हसायचं, हा पाण्याचा फवारा मारायचा आणि कात्री उचलायचा. इतकी वर्षं हा एकच विनोद दुकानाला पुरला होता. दुसरा सुचलाही नव्हता, ही गोष्ट तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा.

दुकान बसथांब्यासमोर. दोन आरसे, दोन खुर्च्या. दुसऱ्या खुर्चीवरचा कारागीर केव्हाच सोडून गेला होता, त्यामुळे त्या खुर्चीवर आता जुनी वर्तमानपत्रं बसायची. "पगार मागत नाहीत आणि उलट बोलत नाहीत," असं तो त्यांच्याबद्दल सांगे.

वस्तीत त्याला सगळे वेधशाळा म्हणायचे. पावसाचा अंदाज सांगायचा म्हणून नव्हे, नोकऱ्यांचा सांगायचा म्हणून. शहराच्या कडेला वाढलेलं हे उपनगर आधी एका बल्बच्या कारखान्यावर जगत होतं. मग कारखाना आक्रसत गेला आणि महामार्गाच्या बाजूला एक अवाढव्य गोदाम उभं राहिलं. लोकांनी मोबाइलवर मागवलेल्या वस्तू तिथून खोक्यांत भरून बाहेर पडायच्या. कारखान्यातली माणसं हळूहळू गोदामात गेली, काही फोनवर बोलायच्या कामाला लागली, काही घरी बसली. कोण कुठे गेला हे वेधशाळेला म्हणे डोकं बघूनच कळायचं. रविवारी सकाळी येणारा माणूस मंगळवारी अकरा वाजता दाढीला आला, की समजायचं याची गेली. एकाएकी केसांना रंग लावून मागितला, की मुलाखत आहे. कानांच्या वर, डोक्यावरून आडवी चपटी पट्टी पडली असेल तर हेडफोन लावून दिवसभर फोनवर बोलतो. आणि कपाळापासून मानेपर्यंत गोल वळ उठला असेल, तर गोदाम. तिथे सगळ्यांना इलॅस्टिकची जाळीदार टोपी घालावी लागते, आणि ते इलॅस्टिक केसांत असं रुततं की संध्याकाळपर्यंत उठत नाही.

आता या अंदाजांतले खरे किती ठरायचे हे विचारू नका. थिएटरच्या तिकीटघरात पूर्वी बसणाऱ्या माणसानं केस रंगवले तेव्हा यानं जाहीर केलं की बंद पडलेलं थिएटर पुन्हा सुरू होतंय. तो गृहस्थ दुसरं लग्न करत होता. बँकेच्या मॅनेजरनं दाढी वाढवली तेव्हा यानं बँक बुडवली. मॅनेजरच्या गालावर पुरळ आलं होतं, बाकी बँक ठणठणीत. पण वेधशाळा म्हटल्यावर अंदाज चुकणारच, असं म्हणून हाच सगळ्यांच्या आधी हसायचा. त्यामुळे कुणी त्याचं मनावर घेत नसे, आणि त्याचंही फावायचं.

गोदामवाल्यांसाठी मात्र त्यानं खास माल तयार ठेवला होता. टोपीखाली घाम येतो म्हणून ते सगळे एकसारखे केस मागायचे, बाजूनं बारीक, वरून सपाट. त्याला यानं नाव ठेवलं खोका कट. कापून झालं की हा गल्ल्याशेजारची चिकटपट्टी उचलायचा, गिऱ्हाइकाच्या मानेजवळ चर्रर्र करून ओढायचा आणि विचारायचा, "पत्ता कुठला टाकू? परत करायचा असेल तर सात दिवसांत आणा, पावती सांभाळा." दुकान खदाखदा हसायचं. गोदामवालाही हसायचा, कारण गळ्याभोवती कापड बांधलेला माणूस दुसरं काय करणार?

जिल्ह्याच्या कचेरीतले एक गृहस्थ दर महिन्याला यायचे. रोजगार आणि घरटी उत्पन्न यांचा अहवाल त्यांच्या टेबलावर तयार व्हायचा, म्हणून त्यांचं नाव आकडेवाले. यांची आणि वेधशाळेची जुगलबंदी ऐकायला माणसं दाढी नसली तरी बसून राहायची.

"तुमचा अहवाल म्हणजे शिळा कारभार," हा म्हणायचा. "गेल्या वर्षी कोण बुडालं ते यंदा सांगता. मी उद्या कोण बुडणार ते सांगतो."

"आणि तो बुडत नाही."

"तो त्याचा चांगुलपणा. बरं, यंदा काय म्हणतो अहवाल?"

"काम करणारे वाढलेत. घरात येणारा पैसा नाही वाढला."

"हे कळायला कचेरी कशाला हवी? माझ्याकडे दाढी करणारे घटलेत आणि घरीच करणारे वाढलेत."

आकडेवाले आरशात हसले. "तुमच्या घरात कमावते किती? तुमचं नाव येणार नाही, बिनधास्त सांगा."

"दीड," हा म्हणाला. "बायको एक, मी अर्धा."

त्याच्या हिशेबानं ते खोटं नव्हतं. त्याची बायको बल्बच्या कारखान्याच्या ऑफिसात हिशेब बघायची. टेबल, खुर्ची, टेबलावर एक छोटी कुंडी, आणि महिन्याच्या महिन्याला पगार. घर तिच्यावर चाललं होतं. याच्या दुकानाची कमाई म्हणजे वरची फोडणी. हेही तो लपवायचा नाही. "मी छंद म्हणून केस कापतो, पोट बायको भरते," असं चारचौघांत सांगायचा. लोकांना वाटायचं किती मोठ्या मनाचा माणूस! त्यालाही थोडंफार तसं वाटायचं.

"पण तुमच्या पाहणीत एक खोट आहे, वेधशाळा," आकडेवाले उठता उठता म्हणाले. "तुमच्या खुर्चीत फक्त पुरुष बसतात. अर्ध्या वस्तीचं डोकं तुम्ही बघितलेलंच नाही."

"बायकांचं डोकं बघायला घरी एक आहे, तेवढं पुरे," हा म्हणाला, आणि दुकान पुन्हा हसलं.

त्यानंतरच्या मंगळवारी अकरा वाजता जावई दुकानात आला.

वेधशाळेच्या हातातला वस्तरा हातातच राहिला. जावई गोदामाच्या ऑफिसात होता, वरच्या मजल्यावर, कॉम्प्युटरसमोर. गेल्या वर्षी लेकीनं आणि त्यानं घर घेतलं होतं, बँकेचे हप्ते चालू होते, लेक बाळाला घेऊन घरी होती. म्हणजे त्या घरात कमावता एकच, आणि तो मंगळवारी अकरा वाजता, चार दिवसांची दाढी, डोळे लाल, जांभया देत दारात उभा. आता याला वेधशाळा कशाला हवी? कुणा आंधळ्यानंही सांगितलं असतं.

"या, या, जावईबापू!" त्यानं खुर्ची झटकली. आवाज इतका गोड निघाला की त्याला स्वतःलाच कसंतरी झालं.

"बाबा, मला जरा बोलायचं होतं," जावई बसत म्हणाला. "म्हणजे आईंबद्दल—"

"तिला मी सांगतो. तुम्ही काही काळजी करू नका."

"तुम्हाला माहितेय?" जावई वळून बघायला लागला.

यानं त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरून परत आरशाकडे वळवलं. "माहीत नसायला काय झालं? इतकी वर्षं काय गवत कापतोय का? दारात बघितलं आणि कळलं."

"मग तुम्ही... रागावला नाहीत ना? आईंना वाटत होतं की तुम्ही—"

"तिलाही माहितेय?" आता हा चकित झाला. मग त्याला वाटलं, लेकीनं आईला फोन केला असणार. पोरी आईलाच आधी सांगतात. बाप आपला बसलाय गिऱ्हाइकांची डोकी चिवडत. "रागवायचं काय त्यात? वेळ कुणावर सांगून येत नाही. पण आता एक शब्द बोलायचा नाही. मान मागे टाका."

"बाबा, पण ऐका तरी—"

यानं गरम पाण्यातून पिळलेला टॉवेल त्याच्या तोंडावर टाकला. दुःखी माणसाला बोलायला लावू नये, हे या धंद्यातलं त्याचं तत्त्व होतं, आणि त्यासाठी टॉवेलासारखं साधन नाही. टॉवेलाखालून "अंहं, अंहं" असे आवाज येत होते. याला वाटलं, पोरगा हुंदके देतोय. त्यानं टॉवेल आणखी घट्ट दाबला. मग दाढी केली, डोकं चोळून दिलं, आणि रात्रभर जागलेला जावई त्या चोळण्यात चक्क घोरायला लागला. बिचारा! काळजीनं झोप नसेल, असं म्हणत यानं त्याला अर्धा तास झोपू दिलं. उठल्यावर पैसे घेतले नाहीत. जावई दारापर्यंत जाऊन दोनदा थांबला, तोंड उघडलं, तेवढ्यात यानं त्याच्या पाठीवर अशी काही मायेची थाप मारली की तो पायरी उतरूनच गेला.

त्या संध्याकाळी जेवताना त्यानं विषय काढला. बायको बादलीत गरम पाणी घेऊन त्यात पाय सोडून बसली होती. ताट मांडीवर, डोक्याला रुमाल गुंडाळलेला. अलीकडे ती घरात कायम रुमाल गुंडाळून असायची, सर्दी होते म्हणायची. पाय दुखतात म्हणून तिनं कापडी बूटही घेतले होते. "खुर्चीत बसून पाय दुखणारी तू जगातली पहिली बाई," असं तो तिला म्हणाला होता, आणि हे वाक्य आवडलं म्हणून दोन-तीनदा म्हणाला होता.

"जावयाची नोकरी गेली," त्यानं घास खाली ठेवून सांगितलं.

बायकोनं मान वर केली. "कुणी सांगितलं?"

"डोक्यानं. मंगळवार, अकरा वाजता, दाढी वाढलेली. आणि माझ्यापासून लपवू नकोस, तुला आधीच माहीत होतं. तो म्हणाला तसं."

"काय म्हणाला?"

"बोलू कुठे दिलं मी त्याला? लाजेनं मेला असता."

बायको त्याच्याकडे बघत राहिली. तिला हसू येतंय की रडू, हे त्याला कळलं नाही. त्यानं फार विचारही केला नाही. "अहो, पोरीला एक फोन करून विचारा तरी," ती म्हणाली. "तुमचा अंदाज आजवर कधी बरोबर आलाय?"

"विचारायचं नाही! त्यांना किती अपमान वाटेल! आता आपण मुकाट्यानं त्यांना सांभाळायचं. तुझा पगार आहे म्हणून बरं. आता दोन घरं तुझ्या पगारावर चालतील."

तिनं बादलीतले पाय वर घेतले आणि फरशीवर ठेवले. बराच वेळ ती ते टॉवेलनं पुसत बसली.

"मलाही तुम्हाला एक सांगायचंय," ती म्हणाली. "किती दिवस सांगीन म्हणते."

"सांग ना. आणि मी बोललो ते ऐकलंस का? वरच्या मजल्यावरून खाली आला म्हणजे आता त्यालाही खोका भरायलाच घेतील. सासऱ्यालाच कापावा लागणार जावयाचा खोका कट! पत्ता टाकायचा, मुक्काम पोस्ट सासुरवाडी!" आपल्याच बोलण्यावर त्याला इतकं हसू आलं की ठसका लागला. खरं तर लेकीच्या घराचं कसं होणार याची त्याला भीती वाटत होती, पण भीती वाटली की तोंडातून विनोद बाहेर पडायचा, अशी त्याची रचनाच होती. "हं. काय म्हणत होतीस?"

"काही नाही," बायको म्हणाली. "पाणी प्या."

दुसऱ्या दिवशी त्यानं दुपारीच दुकानाला कुलूप लावलं आणि दारावर 'येतो' ही पाटी उलटी लटकवली. जावयाची नोकरी परत मिळवायची, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं. गोदामाच्या फाटकावरचा पहारेकरी त्याचं जुनं गिऱ्हाईक. त्याची सगळ्यांशी ओळख. त्याच्याकरवी कुणा मोठ्या साहेबाच्या कानावर घालायचं, हात जोडायचे, गरज पडली तर पाय धरायचे. ज्या गोदामावर इतके दिवस हसलो त्याच्याच दारात भीक मागायला चाललोय, हे त्याला वाटेत कळत होतं, आणि त्याची गंमतही वाटत होती. अर्ज कसा करायचा? 'मी, खाली सही करणारा टकल्या', इथवर वाक्य तयार झालं होतं.

"वेधशाळा! तुम्ही इकडे कुठे?" पहारेकरी म्हणाला. "थांबा हं, पाळी सुटतेय, आत्ता मला बोलायला फुरसत नाही. बसा तिकडे."

फाटकाबाहेर झाडाखाली एक बाक होता. त्याच्यासमोर बुटका कट्टा, आणि पलीकडे कंपनीच्या बसची जागा. हा बाकावर बसला. फाटक उघडलं आणि माणसं बाहेर आली, नारिंगी जाकिटांतली, पाय ओढत. बसची वाट बघत ती सगळी कट्ट्यावर रांगेनं बसली, याच्याकडे पाठ करून. एकेकानं टोपी काढली. आणि वेधशाळेसमोर अख्खं दुकान मांडल्यासारखी डोकी.

सवय कुठे जाते? आला होता हात जोडायला आणि बसला अंदाज बांधायला. हा पहिला, कारखान्यातून आलेला, त्याच्या मानेवर कॉलरचा जुना पट्टा आहे. याचं लग्न ठरलंय, कल्ले मोजून घेतलेत. हा आपलाच, खोका कट, डाव्या बाजूला थोडी चूक झालीय, त्या दिवशी आपण चिकटपट्टीच्या नादात होतो. हा घरी बायकोकडून कापून घेतो, आणि बायकोचं त्याच्याशी पटत नाही.

मग त्याची नजर एका बाईच्या डोक्यावर गेली. ती कट्ट्याच्या टोकाला बसली होती, खाली वाकून, बूट काढून टाच चोळत. केस मागे आवळून बांधलेले, कानांच्या वरून इलॅस्टिकचा खोल वळ. नवीन वळ नव्हता, रोज त्याच जागी पडून मुरलेला होता. बायकांचं डोकं असं निवांत बघायची ही पहिलीच वेळ, म्हणून यानं जरा सरसावून बघितलं.

भांग दोन बोटं पांढरा होता. त्याच्यापुढे रंगवलेले काळेभोर केस, आणि दोन्हींच्या मध्ये सरळ रेघ. म्हणजे तीनेक महिन्यांपूर्वीपर्यंत ही बाई न चुकता रंग लावत होती आणि मग एका दिवसात थांबली. हळूहळू कंटाळून थांबलेल्या बाईची रेघ अशी नसते. आधी ऑफिसात असणार. टेबल असणार, समोर माणसं बसत असणार, त्यांच्यासाठी नीटनेटकं राहत असणार. मग ऑफिस सुटलं आणि रंगही सुटला. कानामागे एक ठिपका कायम रंगायचा राहिलेला, म्हणजे स्वतःच्या हातानं लावते, मागचं तिला दिसत नाही. आणि लावून द्यायला घरात कुणी नाही. तसं नवल नाही. पण दोन बोटं पांढरं डोकं घरात कुणाच्याच नजरेला पडू नये? नवरा नसणार बिचारीला. विधवा असणार. त्याला त्या बाईची खरंच कणव आली.

तेवढ्यात बस आली. बाईनं बुटाची नाडी बांधली, डोकं वर केलं आणि वळली.

ती त्याची बायको होती.

काय वाटलं असेल त्याला, ते सांगायला हवं का? धरणी दुभंगावी आणि आपल्याला टकलासकट पोटात घ्यावं, असं वाटलं. तो उठला आणि परत बसला.

"अहो, तुम्ही?" ती कट्ट्याला वळसा घालून आली. "दुकान बंद करून इथं? कुणाला काय झालं?"

"कुणाला काही नाही."

बस तिला सोडून गेली. ती बाकावर त्याच्या शेजारी बसली, मध्ये हातभर अंतर ठेवून. "मग, हसा आता," ती म्हणाली. "उद्या दुकानात सांगायला झालं. तुमच्या बायकोचंच पार्सल निघालं."

"कधीपासून?"

"हिशेबाचं बरंचसं काम त्यांनी मुख्य ऑफिसला नेलं. आम्ही तिघी बायका होतो, तिघींना एका दुपारी घरी पाठवलं. टेबलावरची कुंडी घेऊन आले मी त्या दिवशी. तुम्ही म्हणालात, छान आहे, खिडकीत ठेव."

त्याला कुंडी आठवली. रोज तिला तो पाणी घालत होता.

"पण हिशेबातले पुरुष तर अजून माझ्याकडे येतात की! व्यवस्थित भांग पाडून! मी सगळ्यांना सांगत होतो की कारखान्याचं ऑफिस सुरक्षित आहे."

"पुरुष ठेवलेत. बायका काढल्या."

अर्धी वस्ती, त्याला आकडेवाल्यांचं बोलणं आठवलं, आणि आपण त्यावर काय उत्तर दिलं होतं तेही.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगायलाच आले होते ना. त्याच संध्याकाळी. तुम्ही जेवताना चिकटपट्टीचा किस्सा सांगत होतात, मानेजवळ कशी ओढली, तो माणूस कसा ओशाळला. मला म्हणालात, हस की." तिचा आवाज साधाच होता, त्यात राग नव्हता, म्हणून त्याला जास्त लागलं. "मग जावयांनी शब्द टाकला, इथं काम मिळालं. मला वाटलं, यांना सांगितलं तर हे स्वतःवर विनोद करतील आणि त्यात मी येईन. काल सांगणार होते, तर तुम्ही मुक्काम पोस्ट सासुरवाडी केलंत."

"आणि जावई? त्याची नोकरी?"

"अहो, त्यांना बढती मिळाली! रात्रपाळीचे इनचार्ज झालेत. पाळी संपवून, झोपायच्या आधी तुमच्याकडे आले होते, माझं तुम्हाला समजावून सांगायला. तुम्ही तोंडावर टॉवेल टाकलात."

तो म्हणाला, "माझं चुकलं. मी फार वाईट वागलो तुझ्याशी. आणि वागतोय हेही मला कळलं नाही."

मधलं हातभर अंतर तिनं थोडं कमी केलं.

तिनं सवयीनं डोक्याला रुमाल गुंडाळला. घराकडे चालताना त्यानं विचारलं, "पगार कमी असेल ना?"

"पूर्वीच्या अर्धाच. ओव्हरटाइम धरला तर जरा वर जातो."

"आणि मी आकडेवाल्यांना दीड सांगितलं."

"ते आता जेमतेम एक भरेल," ती म्हणाली. "त्यात मी पाऊण, तुम्ही पाव."

"पाव तरी धरलंस हे उपकार," तो म्हणाला, आणि ती किंचित हसली. दुकान आलं. त्यानं कुलूप काढलं, पण पाटी तशीच राहू दिली. दुसऱ्या खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलून जमिनीवर ठेवली, खुर्ची पुसली, पुन्हा पुसली.

"बस. रंग लावून देतो. कानामागेही."

ती बसली. इतक्या वर्षांत ती या खुर्चीत कधी बसली नव्हती. आरशात तिनं डोक्यावरचा रुमाल सोडला, पांढऱ्या भांगाकडे बघितलं आणि केस मोकळे केले.

"रंग नको," ती म्हणाली. "तिथं टोपीखाली कोण बघतंय? कापा. फार उकडतं, मानेला घाम येतो. तो तुमचा खोका कट करा."

त्याचे हात थांबले. "तसं नाव नको घेऊस त्याचं."

"तुम्हीच ठेवलंय. चांगला कट आहे, आमच्याकडे सगळे म्हणतात. नुसतं तोंड बंद ठेवून कापत जा, असं म्हणतात."

त्यानं कापड बांधलं. फवारा मारला. पहिला विनोद जिभेवर आला होता, तो त्यानं गिळला. मागच्या केसांची बट बोटांत धरली आणि कात्री चालवली. दोन रंगांचे केस फरशीवर पडायला लागले. तो हळू कापत होता, प्रत्येक बाजू दोनदा तपासत होता, कानाच्या मागचा तो कधीच न रंगलेला ठिपकाही त्यानं बरोबर काढला. वळ पडायचा तिथं जरा मोकळं ठेवलं, इलॅस्टिक रुतू नये म्हणून. रस्त्यावरून जाणाऱ्या दोघांनी काचेतून डोकावलं आणि वेधशाळा गप्प आहे हे बघून काहीतरी अघटित घडलं असावं अशा चेहऱ्यानं पुढे गेले.

"काहीतरी बोला ना," बायको म्हणाली. "इतकी शांतता असेल तर गिऱ्हाईक पळून जाईल."

"काय बोलू?"

झालं तेव्हा त्यानं लहान आरसा तिच्या मानेमागे धरला. तिनं डोकं इकडून तिकडून वळवून बघितलं, तळवा फिरवून बघितला. मग गल्ल्याशेजारच्या चिकटपट्टीकडे बोट दाखवलं.

"आता विचारा की. पत्ता कुठला टाकू म्हणून."

त्याला ते विचारता येईना. त्यानं डोळे पुसले.

"काय झालं?"

"केस गेला डोळ्यात."

"तुमच्याकडे आहे कुठे केस?"

"तुझा," तो म्हणाला, आणि ब्रश घेऊन तिची मान झाडायला लागला.